कुठली गोळी चांगली, हे विचारण्याआधी: एंडोमेट्रिओसिसच्या दुखण्यावर हार्मोनचा उपचार निवडताना

दुपारी दोन-अडीचला गिऱ्हाईक कमी असतं. तेव्हा एखादी मुलगी नाहीतर बाई चिठ्ठी काउंटरवर ठेवते, मागे कोणी उभं नाही ना हे बघते आणि हळूच विचारते, "ताई, ही गोळी चांगली आहे ना?" सोलापुरात सात रस्त्याजवळच्या मेडिकलमध्ये मी अकरा वर्षं उभी आहे. चिठ्ठीवर कधी डायनोजेस्ट असतं, कधी गर्भनिरोधक गोळ्या, कधी महिन्याच्या इंजेक्शनचं नाव. आजाराचं नाव तिला सांगितलेलं असतं, पण लक्षात "चॉकलेट सिस्ट", म्हणजे अंडाशयावरची जुन्या रक्ताची गाठ, एवढंच राहिलेलं असतं. नाव गोड आहे, म्हणून असेल.

मलाही तोच आजार आहे. त्यामुळे या प्रश्नाला मी आता सरळ "हो" म्हणत नाही. या आजारावर जी हार्मोनची औषधं आहेत, ती दुखणं कमी करण्यात एकमेकींपासून फार लांब नाहीत. लांब आहेत ती त्यांच्यासोबत येणाऱ्या त्रासात, किमतीत आणि आपल्या पुढच्या दोन-तीन वर्षांत ती बसतात की नाही यात. म्हणून जावेला मानवलेली गोळी तुम्हाला चालेलच असं नाही. मी फार्मसी शिकलेली आहे, डॉक्टर नाही. औषध डॉक्टरच लिहून देणार. पण चिठ्ठी हातात पडण्याआधी आणि पडल्यावर आपण काय करायचं, ते खाली पायरीपायरीने लिहिलंय.

आधी एक गोष्ट समजून घ्या. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर, म्हणजे अंडाशयावर, पिशवीच्या मागे, आतड्यावर किंवा लघवीच्या पिशवीवर वाढतं. जगात बाळंतपणाच्या वयातल्या साधारण दहापैकी एका बाईला हे असतं. बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन हे त्याचं खतपाणी. हार्मोनचे सगळे उपचार एक तर हे पाणी तोडतात, नाहीतर अस्तर पातळ करतात. उन्हाळ्यात पाणी तोडलं की बांधावरची हरळी वाळते, पण मुळं जमिनीतच असतात. तसंच हे. गोळी चालू आहे तोवर दुखणं दबतं. बंद केल्यावर ते परत येऊ शकतं. आतडं-अंडाशय एकमेकांना चिकटले असतील तर तो चिकटपणा गोळीने सुटत नाही. हे आधीच माहीत असलं, की "एवढे पैसे घातले आणि पुन्हा तेच" असं म्हणायची वेळ येत नाही.

पायरी १: दोन पाळ्यांची वही

"फार दुखतं हो मॅडम" यावरून कोणत्याही डॉक्टरला काही ठरवता येत नाही. शंभर पानी वही घ्या आणि रोज एक ओळ लिहा. तारीख, दुखण्याला दहापैकी गुण, कुठे दुखलं, पेनकिलर किती घेतल्या, आणि त्या दिवशी काय राहून गेलं. हा शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. "भाकऱ्या थापायला उभी राहू शकले नाही", "कारखान्यात खाडा", "पेपर अर्धा सोडून आले" असं लिहिलेलं वाचलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. सिव्हिलच्या ओपीडीत असो की खासगी दवाखान्यात, तुमच्या वाट्याला थोडीच मिनिटं येतात, आणि त्यात आठवून सांगताना निम्मं राहून जातं.

लाज वाटली तरी तीन गोष्टी नक्की लिहा: संबंधाच्या वेळी आत खोल दुखतं का, पाळीत शौचाला बसताना कळ येते का, लघवीला त्रास होतो का. आजार नेमका कुठे आहे याचा अंदाज यावरूनच बांधला जातो.

पेनकिलरबद्दलही इथेच सांगते. पाळीच्या दुखण्याला आपल्याकडे सर्रास मेफेनॅमिक ॲसिडची गोळी नेली जाते, बहुतेक वेळा चिठ्ठीशिवाय. दुखणं सुरू होताच, जेवणानंतर घेतली तर ती लागू पडते. पार असह्य होईपर्यंत थांबून घेतली तर तेवढी नाही. पण २०२३ च्या नोव्हेंबरात इंडियन फार्माकोपिया कमिशनने या औषधाबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती. क्वचित कुणाला त्याने अंगभर पुरळ, ताप, गाठी सुजणं आणि आतल्या अवयवांना इजा अशी गंभीर प्रतिक्रिया येते. गोळीनंतर अंगावर चट्टे आले आणि ताप आला, तर पुढची गोळी न घेता दवाखाना गाठा. आणि महिन्यातले दहा-बारा दिवस पेनकिलर लागत असेल, तर तो आकडा वहीत असू द्या. हार्मोनचा विचार करायची वेळ झाली आहे, हे तोच आकडा सांगतो.

पायरी २: नाव पक्कं करून घ्या, पण त्यात वर्षं घालवू नका

सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे आजार नाही असं नसतं. चॉकलेट सिस्ट दिसते, पण पोटाच्या आतल्या पडद्यावरचे छोटे ठिपके सोनोग्राफीत दिसत नाहीत. पूर्वी दुर्बिणीने पोटात बघितल्याशिवाय खात्री मानत नसत. युरोपातल्या एश्रे या संस्थेने २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनी ते बदललं. लक्षणं आणि तपासणी जुळत असेल, तर ऑपरेशन न करताही हार्मोनचा उपचार सुरू करून बघता येतो. "आधी दुर्बीण, मगच गोळी" असं कोणी म्हणालं, तर त्याचं कारण शांतपणे विचारा. कारण असूही शकतं, उदाहरणार्थ गाठ मोठी असेल किंवा तिच्याबद्दल शंका असेल.

लग्न न झालेल्या मुलींची वेगळीच अडचण होते. आतून सोनोग्राफी करत नाहीत. पोटावरून करतात आणि "काही नाही" म्हणून घरी पाठवतात. अशा वेळी गुदद्वारातून सोनोग्राफी किंवा एमआरआय करता येईल का, हे विचारा. आईने विचारलं तर उत्तर लवकर मिळतं, हा माझा अनुभव.

सीए-१२५ या रक्ततपासणीचा रिपोर्ट वाढून आला की लोक रडत येतात, कारण मोबाइलवर त्याच्यापुढे कॅन्सर असं लिहिलेलं असतं. एंडोमेट्रिओसिसमध्ये आणि पाळीच्या दिवसांतही तो वाढतो. या आजाराच्या निदानासाठी त्या तपासणीवर विसंबू नये, असं आता मानतात. दुसरी गोष्ट, आपल्याकडे पोटातला टीबी अजून आहे आणि त्याची लक्षणं यासारखी दिसू शकतात. घरात कुणाला टीबी झाला असेल, तर न विचारताही सांगा. आजार खोलवर असल्याची शंका असेल, तर सोनोग्राफीत किडन्याही बघायला सांगा. मूत्रनलिकेवर दाब आला तर किडनी कधी कधी दुखल्याशिवाय खराब होते, आणि तिथे गोळीवर भागत नाही.

पायरी ३: पुढची दोन-तीन वर्षं डोळ्यांपुढे आणा

आत्ता मूल हवं आहे का? हवं असेल तर या लेखातली बहुतेक औषधं तुमच्यासाठी सध्या नाहीत. ती अंडं तयार होणं थांबवतात, नाहीतर गर्भ राहू देत नाहीत. "सहा महिने गोळी घेऊन पोट साफ करा, मग राहील" असं काही जणी ऐकून येतात. निव्वळ गोळीमुळे पुढे गर्भ राहण्याची शक्यता वाढते, असं दिसलेलं नाही. त्या सहा महिन्यांत वय तेवढं पुढे सरकतं. अशा वेळी वंध्यत्वाच्या डॉक्टरांकडे थेट जावं.

"लग्न झालं की बरं होईल, मूल झालं की जाईल" हे तर सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही भाषांत ऐकलंय मी. गरोदरपणात पाळी नसते म्हणून काहींना आराम पडतो. पण तो उपचार नाही, आणि दुखण्यावर इलाज म्हणून मुलीचं लग्न उरकणं तर नाहीच नाही.

दुसरं टोक म्हणजे पिशवी काढणं. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या तरुणपणीच काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. एंडोमेट्रिओसिस पिशवीच्या बाहेरचा आजार आहे. नुसती पिशवी काढून बाहेरचं अस्तर तसंच ठेवलं, तर दुखणं राहू शकतं. पिशवीच्या भिंतीतही आजार असेल, ज्याला अडेनोमायोसिस म्हणतात, तर हिशेब थोडा वेगळा होतो. पण पंचवीस-तिशीत पहिल्याच भेटीत कोणी पिशवी काढायचं बोललं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

पायरी ४: आपल्या अंगाची यादी

एका कागदावर लिहा: बीपी, शुगर, काविळीचा किंवा लिव्हरचा जुना त्रास, पायात रक्ताची गुठळी झाली होती का, घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर आहे का, पूर्वी कधी नैराश्याची औषधं घेतली का. अर्धशिशी असेल, तर डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे झगझगीत नागमोडी रेषा येतात का, हे आठवा. तसं होत असेल तर इस्ट्रोजेन असलेली गोळी चालत नाही, मेंदूच्या झटक्याचा धोका वाढतो. पस्तिशीपुढे विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनाही ती देत नाहीत. मिसरी लावत असाल, विड्या वळायचं काम करत असाल, तर तेही सांगा. "ते काय औषध आहे का सांगायला," असं मला एक अक्का म्हणाली होती. तंबाखू आहे, अक्का.

चालू औषधंही लिहा. टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिटसाठीच्या काही गोळ्या हार्मोनच्या गोळ्यांचा परिणाम उतरवतात. गरोदर नाही याची खात्री आणि बीपी, या दोन गोष्टी गोळी सुरू करण्याआधी बघायलाच हव्यात.

पायरी ५: आता औषधं

प्रोजेस्टेरॉनच्या गटातल्या गोळ्या सध्या सगळ्यात जास्त लिहिल्या जातात. त्यात डायनोजेस्ट २ मिलिग्रॅम ही रोज एक, ठरल्या वेळी, मधे खंड न पाडता. पाळी आली, डाग लागले, तरी थांबवायची नाही. पुष्कळ जणी पाळी आली की "आता सात दिवस नको" म्हणून थांबतात, कारण गर्भनिरोधक गोळ्यांची ती सवय असते. यात ती सुट्टी नाही. दुखणं काही आठवड्यांत हलकं होऊ लागतं, पण खरा फरक कळायला तीनेक महिने द्यावे लागतात. त्रास म्हणाल तर पहिल्या महिन्यांत वेळीअवेळी डाग, डोकेदुखी, छाती जड होणं, मुरमं, थोडं वजन आणि काहींना मन उदास होणं. शेवटचं घरच्यांनाही सांगून ठेवा, कारण ते आपल्या आधी त्यांच्या लक्षात येतं. मला तिसऱ्या महिन्यात कारण नसताना रडू यायचं. नवऱ्याने तारीख बघितली आणि म्हणाला, गोळीनंतरच सुरू झालंय हे. पुढे ते आपोआप ओसरलं. ओसरलं नसतं तर मी गोळी बदलून घेतली असती. विशीच्या आतल्या मुलींना ही गोळी लांबपर्यंत द्यायची असेल, तर हाडांचा विचार डॉक्टर करतात. तुम्हीही विचारा.

आणखी एक, ज्यात फसगत होते. डायनोजेस्टची गोळी एकटी गर्भनिरोधक म्हणून विकली जात नाही. पाळी येत नाही म्हणजे गर्भ राहणार नाही, असं धरून चालू नका. निरोध वापरा.

याच गटातलं नॉरएथिस्टेरॉन आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे, फक्त दुसऱ्या नावाने. "पाळी पुढे ढकलायची गोळी" ती हीच. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, मग आषाढी, मग गौरी-गणपती, घरची सत्यनारायणाची पूजा, या दिवसांत ती आमच्याकडून किती जाते ते आम्हालाच माहीत. एंडोमेट्रिओसिसमध्ये तीच डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज, महिनोन्महिने देतात. डायनोजेस्टपेक्षा बरीच स्वस्त पडते आणि कामही करते. पण जास्त मात्रेत तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, म्हणून गुठळीचा इतिहास असणाऱ्यांनी ती आपल्या मनाने घेऊ नये. आणि आधीच डायनोजेस्ट चालू असताना पूजेसाठी वरून ही गोळी घेणाऱ्या मी पाहिल्यात. तसं करू नका, आधी फोन करून विचारा.

मिश्र गर्भनिरोधक गोळ्या म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही असलेल्या. सरकारी माला-एन केंद्रात फुकट मिळते, माला-डी दुकानात अगदी कमी किमतीत. पाकिटात २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या गोळ्या असतात. लोहाच्या गोळ्यांच्या दिवसांत पाळी येते, आणि आपलं दुखणं तर पाळीतच असतं. म्हणून पुष्कळदा डॉक्टर त्या सात गोळ्या वगळून लगेच पुढचं पाकीट सुरू करायला सांगतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण "महिन्याला रक्त बाहेर पडलंच पाहिजे, नाहीतर ते आत साठतं" हा समज चुकीचा आहे. अस्तर वाढतच नाही, तर साठणार काय? मूल नको असेल आणि चौथ्या पायरीतल्या यादीत काही नसेल, तर सुरुवातीला हा पर्याय स्वस्त आणि चांगला आहे. मुलीच्या हातात गर्भनिरोधक गोळीचं पाकीट बघून आया बिचकतात. आई, ती गोळी दुखण्यासाठी आहे. पाकिटावरचा छापील मजकूर बदलता येत नाही, एवढंच.

हार्मोनची तांबी म्हणजे पिशवीत बसवायचं लेव्होनॉरजेस्ट्रेलचं साधन. दुकानात लोक ब्रँडच्या नावाने मिरेनाच म्हणतात. साधी कॉपर-टी आणि ही, यांत गल्लत करू नका. कॉपर-टीने रक्त आणि कळा वाढू शकतात, हिने दोन्ही कमी होतात. एकदा बसवली की पाचेक वर्षं रोजच्या गोळीची कटकट नाही. एकरकमी खर्च मोठा वाटतो, पण महिन्यांत वाटून पाहिला तर महागड्या गोळ्यांपेक्षा जास्त होत नाही. अडेनोमायोसिससोबत असेल तर विशेष उपयोगी. बसवताना दुखतं, त्यासाठी आधी वेदनाशामक मागून घ्या. पहिले तीन ते सहा महिने डाग चालतात. हिचा परिणाम मुख्यतः पिशवीतच राहतो आणि अंडाशय बहुतेकींचे चालूच राहतात, म्हणून अंडाशयावरच्या गाठीसाठी एकटी ती पुरेलच असं नाही.

तीन महिन्यांचं इंजेक्शन म्हणजे मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन. सरकारने २०१७ पासून ते "अंतरा" या नावाने गर्भनिरोधक म्हणून फुकट द्यायला सुरुवात केली. दुखण्यालाही त्याने आराम पडतो. पण टोचलं की टोचलं. त्रास झाला तरी तीन महिने ते परत काढता येत नाही, आणि बंद केल्यावर गर्भ राहायला बरेच महिने, कधी वर्षभरही लागू शकतं. हाडंही थोडी विरळ होतात. लवकर मूल हवं असणाऱ्यांनी हे टाळावं. सोबत वाटली जाणारी आठवड्याची "छाया" गोळी मात्र यातली नाही. ती वेगळं औषध आहे, या दुखण्यासाठी तिच्या भरवशावर राहू नका.

पाळीच बंद पाडणारी इंजेक्शनं, म्हणजे ल्यूप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन. वरचं काही लागू पडलं नाही, तर पुढचा टप्पा हा. मेंदूकडून अंडाशयाला जाणारा हुकूमच तोडला जातो. पहिले एक-दोन आठवडे दुखणं उलट वाढू शकतं. हे आधी न सांगितल्यामुळे घाबरून दुसरं इंजेक्शन न घेणाऱ्या आहेत. नंतर पाळी जाताना होतात तसे त्रास येतात: अंगातून वाफा निघणं, झोप उडणं, कोरडेपणा, हाडं विरळ होणं. सोलापूरचा मे महिना आणि त्यात या वाफा! निवड तुमच्या हातात असेल, तर सुरुवात दिवाळीनंतर करा. हे मी हसत लिहितेय, पण खरंच सांगतेय. हाडं जपायला सोबत थोडं हार्मोन परत देतात, त्याला ॲड-बॅक म्हणतात. त्याने वाफाही कमी होतात आणि दुखण्यावरचा परिणाम जात नाही. चिठ्ठीत ॲड-बॅक नसेल तर "लागेल का?" असं विचारा. ते नसेल तर साधारण सहा महिन्यांच्या पुढे हे इंजेक्शन नेत नाहीत. प्रत्येक इंजेक्शनला हजारांत पैसे जातात, म्हणून पूर्ण कोर्सचा खर्च पहिल्याच दिवशी मांडून घ्या. अर्ध्यावर सोडलेल्या कोर्सने पैसेही जातात आणि आरामही.

याच रस्त्याने जाणाऱ्या नव्या गोळ्याही निघाल्यात. अमेरिकेत या दुखण्यासाठी एलागोलिक्सला २०१८ मध्ये आणि रेलुगोलिक्सच्या मिश्र गोळीला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. यात सुरुवातीला दुखणं वाढत नाही. जुन्या चिठ्ठ्यांत अजून डॅनाझोल दिसतं. त्याने मुरमं, चेहऱ्यावर केस येतात आणि आवाज घोगरा होऊ शकतो. तो घोगरेपणा कधी कधी कायमचा राहतो, म्हणून आता ते सहसा लिहीत नाहीत. लेट्रोझोल हे सगळं थकल्यावरचं औषध, तेही दुसऱ्या हार्मोनसोबत.

ऑपरेशन झालेलं असेल तरी हा लेख मिटवू नका. गाठ काढल्यावर मूल लगेच नको असेल, तर ती परत होऊ नये म्हणून हार्मोन चालू ठेवायला सांगतात. अंडाशयावरच्या ऑपरेशनने अंड्यांचा साठा कमी होऊ शकतो. त्यामुळे तीच गाठ पुन्हा पुन्हा काढत बसणं परवडणारं नाही.

पायरी ६: तीन महिने, आणि डाग

निवड झाली की तिला तीन महिने द्या. वही चालू ठेवा. सगळ्यात जास्त जणी गोळी सोडतात ती दुखण्यामुळे नव्हे, तर डागांमुळे. डॉक्टरांच्या तोंडी "थोडं स्पॉटिंग होईल" हे तीन शब्दांचं वाक्य असतं. पण ज्या घरात पाळीत बाजूला बसतात, तिथे चाळीस दिवस डाग म्हणजे चाळीस दिवस देवघर बंद, स्वयंपाक बंद आणि सासूबाईंचा चेहरा. शिवाय आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड. कपडे, चादरी किती धुणार?

म्हणून सुरू करण्याआधीच घरात बोलून घ्या. हे डाग पाळीचे नसून औषधाचे आहेत, हे सासूबाईंना मॅडमच्या तोंडून ऐकू द्या. माझ्या सासूबाईंना ते तिथेच पटलं, माझं त्यांनी वर्षभर ऐकलं नव्हतं. लग्नकार्य, परीक्षा, श्रावण असं काही तोंडावर असेल, तर सुरुवातीची तारीख त्याप्रमाणे धरा. पातळ पॅडचा साठा ठेवा. महिन्यागणिक डाग विरळ होत जातात. पण पॅड तासाला भिजत असेल किंवा चक्कर येत असेल, तर तो डाग नव्हे. हिमोग्लोबिन तपासा आणि डॉक्टरांना दाखवा.

गोळी विसरली तर आठवेल तेव्हा एकच घ्या, दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी पुढची. हा नियम डायनोजेस्टचा. गर्भनिरोधक पाकिटाचा नियम त्याच्या कागदावर असतो. उन्हाळ्यात स्ट्रिप स्कूटीच्या डिकीत ठेवू नका, तिथे गोळ्या भाजतात. घरात कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा. संपायच्या आठवडाभर आधी पुढची स्ट्रिप घ्या, कारण रविवारी दुपारी नेमका तोच ब्रँड नसतो. डायनोजेस्टच्या किमतीत कंपनीप्रमाणे चांगलाच फरक असतो. औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम पाठ ठेवा आणि जनऔषधी केंद्रातही विचारून या. हे मी माझ्या मालकांसमोर बोलत नाही.

तीन महिन्यांनी वही उघडा. आठवरून चारवर आलं असेल तर ते यश आहे, शून्याची वाट बघू नका. काहीच हललं नसेल, तर गोळी बदला किंवा दुखण्याचं दुसरं कारण शोधायला सांगा. त्रास जास्त झाला तर तीन महिने थांबण्याची सक्ती नाही, फक्त न सांगता सोडू नका.

पायरी ७: हे झालं तर वाट बघू नका

एका पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक छातीत दुखणं किंवा दम लागणं, कधी झालं नव्हतं असं डोकं दुखणं, एकदम दिसेनासं होणं किंवा बोलताना जीभ जड होणं. गोळी बंद आणि थेट तातडीच्या विभागात. एका बाजूला अचानक जीवघेणी कळ आणि उलट्या आल्या, तर गाठीला पीळ पडला असेल किंवा ती फुटली असेल. पोटदुखीसोबत गर्भाची शंका असेल, तर गर्भ नळीत असू शकतो. सिव्हिलमध्ये तातडीचा विभाग रात्रीही चालू असतो. आणि जगावंसं वाटत नाही असे विचार येऊ लागले, तर तेही याच यादीत धरा. तेही औषधामुळे असू शकतं.

पायरी ८: थांबवताना

किती वर्षं घ्यायची, याचं एक उत्तर नाही. गोळी मानवत असेल तर अनेक जणी वर्षानुवर्षं घेतात, दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तपासणी करून. मूल हवं असेल तेव्हा हातातली स्ट्रिप संपवून थांबता येतं. गोळ्यांनी वांझपण येत नाही. डायनोजेस्ट थांबवल्यावर साधारण दीड-दोन महिन्यांत अंडं तयार व्हायला लागतं. इंजेक्शनचा उशीर वर सांगितलाच. थांबवल्याची तारीख वहीत लिहा, दुखणं परत आलं तर किती दिवसांनी आलं तेही लिहा. पुढच्या वेळी निवड करताना ती नोंद लागते. दोन महिने झाले तरी पाळी आली नाही, तर आधी घरच्या घरी गर्भाची चाचणी करा आणि मग मॅडमना फोन. चाचणीची पट्टी मागायला लाजू नका. आम्ही कागदात गुंडाळूनच देतो.